गॅलरीतला म्हसोबा

सदर इसम नामे प्रेमराज रूपचंद बोरसे, वय सुमारे बेचाळीस, धंदा नोकरी, मूळ राहणार कुसुंबखेडे, तालुका व जिल्हा धुळे, हल्ली मुक्काम पिंप्राळा, जळगाव. बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ, शिक्षण कला शाखेचे, अपूर्ण. सदर इसमाविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही. सदर इसमाची कोणाविरुद्ध तक्रार असल्यास तिची आजपावेतो कोठेही नोंद झालेली नाही. सदर इसम गेली काही वर्षे देव तयार करून पुरवीत असून त्याबाबतचा कोणताही परवाना त्याचेकडे आढळून आलेला नाही.

यातलं शेवटचं वाक्य चेष्टेचं वाटेल. ते त्यातल्या त्यात जास्त खरं आहे.

प्रेमराज अजिंठा चौफुलीजवळ फुलचंद शेठच्या ठिबकच्या दुकानात नकाशे काढतो. शेतकऱ्याचं शेत मोजून यायचं. विहीर कुठे, मोठा पाइप कुठून, बारीक नळ्या कशा, व्हॉल्व कुठे, हे कागदावर मांडायचं. शेतकऱ्याने मान डोलावली की चर खोदायला माणसं जातात. या कामासाठी बाजारात चांगली महागडी सॉफ्टवेअर मिळतात. पण एक वस्तू फुकट मिळत असताना तिच्यासारखी दुसरी विकत घेणं म्हणजे लक्ष्मीला घराबाहेर उभं करणं, असं फुलचंद शेठचं मत आहे. त्यामुळे दुकानात फुकटातलं, रकान्यांचं, हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं. बिलं त्यात, पगार त्यात आणि नकाशेही त्यातच. प्रेमराजने रकाने दाबून दाबून बारीक चौकोन केले, एक चौकोन म्हणजे एक मीटर असं ठरवलं आणि कामाला लागला. हिशेबाच्या कागदावर शेत मांडता येतं ही गोष्ट तलाठ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतीच.

त्या सॉफ्टवेअरच्या कडेला गॅलरी नावाचा एक कप्पा उघडतो. त्यात बाण, चांदण्या, बोलण्याचे फुगे असलं सामान आधीपासून भरलेलं असतं. शेतीला त्याचा काही उपयोग नाही. पण तिथे आपला नवा विभाग उघडता येतो, आणि आपण काढलेली आकृती त्यात ओढून टाकली की ती तिथेच राहते. पुढच्या वेळी उचलायची आणि पत्रकावर सोडायची. प्रेमराजने विभाग उघडला, त्याला ‘शेत’ असं नाव दिलं, आणि सवडीने त्यात एकेक वस्तू भरत गेला. विहीर म्हणजे एकात एक दोन वर्तुळं. फिल्टर, व्हॉल्व, विजेची डीपी. कडुनिंब, कारण त्याच्या मुळ्या पाइप वाकवतात. वरचेवर तेच तेच काढायचा कंटाळा येणं हे आळशाचं लक्षण असेलही, पण प्रेमराजच्या बाबतीत त्यातून बरीच शिस्त निघाली.

देव या विभागात आले ते जामनेरकडच्या जीवराम नावाच्या म्हाताऱ्यामुळे. त्याच्या शेतात चर खोदून झाला, आणि दुसऱ्या दिवशी माणसं पाइप घेऊन गेली तर चर बुजलेला. म्हाताऱ्याने स्वतः फावड्याने माती ओढली होती. प्रेमराज मोटारसायकलवर समजूत काढायला गेला.

“काका, नकाशावर तुम्ही हो म्हणालात.”

“नकाशात आमचा म्हसोबा कुठंय?” जीवराम म्हणाला. “नाही ना? मग जो चर म्हसोबाच्या डोक्यावरून गेला त्याला मी हो कसा म्हणालो?”

युक्तिवादात चूक काढायला जागा नव्हती. बांधावर, बोरीच्या झुडपाखाली, शेंदूर फासलेला एक दगड होता. मोजणीच्या वेळी प्रेमराजने तो पाहिलाही होता, पण दगडाला पाइप लागत नाही म्हणून सोडून दिला होता.

त्या आठवड्यात त्याने म्हसोबा काढला. वक्र रेषेने अंड्यासारखा आकार, खालून सपाट, भगवा रंग, दोन पांढरे डोळे. सगळं एकत्र बांधून गॅलरीत टाकलं. मग विहिरीच्या काठावरच्या साती आसरा काढल्या. सात बारीक दगड एका ओळीत, एकीला धरून ओढलं की सातही जणी येतात. मग मुंजोबा, पिंपळासकट. त्यानंतर चर बुजले नाहीत. शेतकरी नकाशा हातात घेतला की आधी देव शोधू लागले, तो सापडला की पुढचं न बघता हो म्हणू लागले. फुलचंद शेठने गल्ल्यावरून एकदाच शेरा मारला. “प्रेमराज, हे देव बिलात लावता येत नाहीत का?”

एक गोष्ट मात्र प्रेमराज न चुकता करी. आकृती पत्रकावर सोडली की तिचं तोंड नेहमी कागदाच्या खालच्या बाजूला येई, म्हणजे नकाशात दक्षिणेला. म्हणून तो प्रत्येक शेतकऱ्याला विचारायचा, “देवाचं तोंड कुठे?” आणि मग देव फिरवायचा. हे कोणी सांगितलं नव्हतं. पण आपण देवाला भलतीकडे बघायला लावतोय ही कल्पना त्याला बरी वाटत नसे.

असाच कंटाळा येऊन त्याने आणखी एक आकृती केली होती. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट लागते: उत्तर दिशेचा बाण आणि त्याखाली ‘रेखाटन: प्रे. रू. बोरसे’. दर वेळी तेच कोण लिहील? तीही त्याने गॅलरीत टाकली. आपण आपलं नाव विहीर आणि कडुनिंबाच्या शेजारी, कोणालाही उचलता येईल असं ठेवतोय, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. सज्जन माणसाच्या ध्यानात ज्या गोष्टी येत नाहीत त्यांची यादी तशी लांब आहे.

नवल हा प्रेमराजचा चुलतभाऊ, काकाचा एकुलता एक. धुळ्याला ठिबकचं दुकान टाकायचं म्हणून तो काम शिकायला जळगावला आला आणि पिंप्राळ्याला प्रेमराजच्या घरी राहिला. सारिकाच्या, म्हणजे प्रेमराजच्या बायकोच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्याने पोटभर खाल्ली आणि खाताना दर वेळी “वहिनी, अशी धुळ्यात नाही” असं सांगितलं. दिवसा दुकानात प्रेमराज त्याला नकाशे शिकवायचा.

“ओढलास की लगेच सोडू नको,” तो सांगे. “आधी देव फिरव.”

“भाऊ, देव कुठेबी बघो, पाणी तर नळीतूनच जाईल ना?”

“पाणी जाईल. शेतकरी येणार नाही.”

नवल परत निघाला तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, “भाऊ, तुना बठ्ठा आकार दी टाक ना. मी काय परका शे का?”

परका नव्हता. प्रेमराजने ‘शेत’ विभाग आख्खाच्या आख्खा पेनड्राइव्हवर घालून दिला, वर गॅलरीत तो कसा बसवायचा तेही दाखवलं.

आता रस्त्याचं. कुसुंबखेड्याला महामार्गाला लागून नवलचं शेत आहे, आणि त्याच्या मागे प्रेमराजच्या वडिलांचं, रूपचंद आबांचं. मागच्या शेतात जायची वाट पुढच्या शेताच्या बांधाबांधाने. आजोबांच्या वेळेपासून बैलगाडी तिथून जायची, कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी अडवलं नाही. काका वारले, शेत नवलच्या नावावर झालं, तरी वाट होती तशीच राहिली. प्रेमराजच्या मनात एकच होतं. आबांच्या शेतात ठिबक करायचं, कांदा लावायचा, आणि दोनेक वर्षांत जळगाव सोडून घरी यायचं. दुसऱ्यांच्या शेतात पाणी फिरवून तो थकला होता. पण कांदा डोक्यावरून निघत नाही. त्याला ट्रॅक्टर लागतो, आणि ट्रॅक्टरला वाट.

महामार्ग रुंद झाला, कडेची झाडं आणि किलोमीटरचे जुने दगड उखडले गेले आणि नवलने पुढच्या शेतात गोडाऊन बांधायला काढलं. तेव्हा त्यानेच फोन केला.

“भाऊ, वाटेचा कागद करून टाकू. आज आपण आहोत, उद्या पोरं भांडतील. तू तहसीलला रस्त्याचा अर्ज टाक.”

“तुझी काही हरकत नाही ना?”

“मनी हरकत?” नवल हसला. “भाऊ, मी हरकत लिसू तर मना बाप वर बठीसन माले मारी.”

सारिका तेवढी म्हणाली होती, “चालू वाटेला अर्ज कशाला?” प्रेमराजने तिला समजावलं की कागद असलेला बरा. कागदावर त्याचा विश्वास होता. पोटच त्यावर होतं.

अर्ज गेला. तारखा पडल्या. शेवटी स्थळपाहणीचा दिवस ठरला आणि प्रेमराज जळगावहून सकाळच्या बसने गावी पोचला. बांधावर मंडळ अधिकारी, गावातले चार पंच, नवल आणि रूपचंद आबा आधीच उभे होते. नवलने थर्मासमधून चहा आणला होता. प्रेमराजलाही त्याने आधी कप दिला, “घे भाऊ,” म्हणाला.

चहा अर्धा झाला तेव्हा प्रेमराजला बांधाच्या मधोमध, नेमक्या गाडीवाटेवर, दगड दिसला. पाठ मातीत पुरलेली, तोंडाला शेंदूर, दोन पांढरे डोळे, समोर फुटलेला नारळ, शेजारी काठीला भगवं फडकं. तो लहानपणापासून या बांधावर चालला होता. इथे कधी ठेच लागायलासुद्धा दगड नव्हता.

“हे काय आहे?” तो म्हणाला.

“म्हसोबा,” अधिकारी म्हणाले. ते धुळ्याहून आलेले, उन्हाने वैतागलेले, पण सौजन्य राखून असलेले गृहस्थ होते. त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. “सामनेवाल्याने जमिनीचा जुना ठिबक आराखडा दाखल केलाय. अर्जाच्या बऱ्याच आधीच्या तारखेचा. त्यात इथे देव दाखवलाय. हा नकाशा तुमच्याच हातचा ना?”

प्रेमराजने कागद घेतला. विहीर त्याची होती. डीपी त्याची होती. कडुनिंब त्याचा. बांधावर भगवा, अंड्यासारखा, खालून सपाट म्हसोबा, तोही त्याचाच, डोळ्यांतलं अंतरसुद्धा. आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण, त्याखाली स्वच्छ अक्षरात त्याचं नाव.

“नकाशा माझा नाही,” तो म्हणाला.

“नाव कोणाचं आहे?”

“माझं.”

“ही देवाची आकृती?”

“आकृती माझी आहे साहेब. देव माझा नाही.”

पंचांपैकी एक जण खाकरला. अधिकाऱ्यांनी या वाक्याची नोंद कशी घ्यावी याचा थोडा विचार केला आणि घेतली नाही.

“हे बघा साहेब,” प्रेमराज कागद पुढे धरून म्हणाला, “मी देव असा सोडत नाही. मी फिरवतो. हा फिरवलेला नाही. गॅलरीतून उचलून तसाच सोडला की तोंड खाली येतं, दक्षिणेला. आणि इथे बघा, दगडही तसाच बसवलाय. नकाशा बघून बसवलाय. आधी कागदावर आला, मग शेतात.”

दगड खरोखरच दक्षिणेला तोंड करून, थेट आबांच्या शेताकडे टक लावून होता.

“बोरसे,” अधिकारी शांतपणे म्हणाले, “देवाचं तोंड कोणीकडे असावं याची नोंद महसूल खातं ठेवत नाही.” मग नवलकडे वळून, “सामनेवाले, रस्त्याला तुमची हरकत?”

“माझी अजिबात नाही साहेब,” नवल म्हणाला. “माझा भाऊ आहे तो. उद्या रस्ता द्या. देवाची काही असेल तर तेवढं तुम्ही बघा.”

मग पंचांना विचारलं. देव कधीपासून आहे? चौघेही याच गावचे, याच बांधावरून बैल हाकत मोठे झालेले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग नारळाच्या करवंटीकडे. प्रेमराज त्यांच्याकडे पाहत होता. त्यांतल्या एकाने, ज्याच्या खांद्यावर बसून तो लहानपणी पोळ्याचे बैल बघायला गेला होता, त्या माणसाने नजर खाली घातली.

“आहे तवापासून आहे,” तो म्हणाला.

हे खोटंही नव्हतं. खानदेशात एकदा शेंदूर लागला, नारळ फुटला, की दगड दगड राहत नाही. तो कोणी आणला, कधी आणला, हे ज्याला त्याला माहीत असतं. पण ‘हा देव नाही’ हे वाक्य पहिल्यांदा उच्चारायला कोणी तयार नसतो. उच्चारणाऱ्याच्या घरी पुढच्या वर्षभरात एखादी म्हैस तरी आजारी पडणारच, आणि मग ती कशाने पडली हे गाव त्याला सांगणार. नवलने हे बरोबर हेरलं होतं. माणसाची साक्ष फिरते. देवाविरुद्ध साक्षच निघत नाही.

“आबा, तुम्ही सांगा,” प्रेमराज म्हणाला. “तुम्ही इथे जन्म काढला.”

रूपचंद आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, दोन पावलं पुढे गेले, वाकले आणि दगडाला हात लावून तो कपाळाला लावला.

प्रेमराजच्या हातातला चहा तोवर गार झाला होता. त्याने तो बांधाच्या कडेला ओतला आणि कप नवलला परत दिला.

माणसं पांगल्यावर बापलेक गावाकडे निघाले. आबा पुढे, प्रेमराज मागे.

“आबा, तो दगड नवलनी आणेल शे.”

“माहित शे.”

“मग?”

“बठ्ठा देव कोनी ना कोनी आणेलच शेतस रे,” आबा मागे न बघता म्हणाले. “आते बठना तो बठना. देवले कोन उठाडस?”

“आणि आपलं शेत?”

“मना पाय शेतस ना,” आबा म्हणाले. “मी जास पायी.”

त्यांच्या पायांचा प्रश्न नव्हता. वाट कागदावर नव्हती तोवर ती नाकारायला कोणाकडे कागदही नव्हता. आता अर्ज होता, म्हणजे नकारही येणार होता, शिक्क्यासकट. आणि ज्या शेताला रस्ता नाही त्याला गिऱ्हाईक एकच राहतं, पुढच्या शेताचा मालक. अर्ज टाक असा आग्रह नवलने का धरला, हे प्रेमराजला तिथे, गावाच्या वेशीजवळ, चालता चालता उमगलं. इतकं सोपं होतं की समजायला लाज वाटली.

बसला वेळ होता म्हणून तो गोडाऊनवर गेला. नवल पत्रे मोजून घेत होता.

“काबर करं रे?”

“मी काय करं भाऊ?” नवल म्हणाला. आवाजात अपराधीपणाचा लवलेश नव्हता. उलट तो थोडा दुखावलेला होता. “मी ते हरकत बी नही लिधी. बठ्ठास्नी ऐकं.”

“माझं नाव लावलंस.”

“तूच शिकाडं ना. एकदा आकार कर, कितीबी येळा वापर.” मग तो जरा जवळ आला आणि अहिराणी सोडून मराठीत, समजूत काढल्यासारखा म्हणाला, “भाऊ, तू जळगावला सुखात आहेस. आबा थकले. शेत मी बघतो. वहिनीला विचार, तिला कुठे गावात यायचंय?”

प्रेमराजला एकदम आठवलं की हा माणूस आपल्या घरी जेवताना नेहमी दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय हेही बघायचा. तेव्हा त्याला ते प्रेम वाटलं होतं.

जळगावला पोचल्यावर सारिकाने सगळं ऐकून घेतलं. ती भांडी आवरत होती. हात थांबला नाही.

“तुम्ही त्याला पेनड्राइव्ह नाही दिला,” ती म्हणाली. “सातबारा दिला.”

“मला काय माहीत.”

“तुम्हाला देवाचं तोंड कुठंय ते माहीत असतं,” सारिका म्हणाली. “माणसाचं नाही.”

घरातल्या बायका असं काही बोलून ठेवतात आणि मग पुरुष ते आयुष्यभर दाढी करताना ऐकत बसतात.

दुसऱ्या दिवशी दुकानात प्रेमराजने गॅलरी उघडली. ‘शेत’ विभागात सगळे जागच्या जागी होते. त्याने म्हसोबावर माउसचा बाण नेला, उजवं बटण दाबलं. काढून टाकायचा पर्याय आला, त्याने तो निवडला. मग सॉफ्टवेअरने, जसं ते कुठल्याही वस्तूबद्दल विचारतं तसं, विचारलं: खरोखर काढून टाकायचं?

याने नवलच्या संगणकातला म्हसोबा जाणार नव्हता. बांधावरचा तर नाहीच. तरी प्रेमराज त्या प्रश्नाकडे बराच वेळ पाहत राहिला. समोर पाचोऱ्याकडचा एक शेतकरी बाकावर बसून वाट बघत होता. फुलचंद शेठ गल्ल्यावरून मान उंचावून बघत होते की माणूस काम करतोय की झोपलाय. शेवटी प्रेमराजने ‘नाही’ दाबलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. बापाचा हात कपाळाला गेलेला त्याने पाहिला होता, एवढंच.

नावाची चौकट मात्र त्याने काढून टाकली. तेव्हापासून तो प्रत्येक नकाशावर नाव हाताने, बॉलपेनने लिहितो. शेठ म्हणतात, वेळ फार जातो.

“देवाचं तोंड कुठे?” त्याने शेतकऱ्याला विचारलं.

आदेश टपालाने आला. त्याची भाषा अशी: ‘स्थळपाहणी व पंचांचे जबाब यांवरून असे निदर्शनास येते की, वादग्रस्त बांधावर म्हसोबा देवाचे पुरातन व स्वयंभू देवस्थान अस्तित्वात असून, ते खुद्द अर्जदाराने रेखाटलेल्या आराखड्यातही दर्शविलेले आहे. सामनेवाले यांची रस्त्यास कोणतीही हरकत नाही. तथापि ग्रामस्थांच्या धार्मिक भावना विचारात घेता सदर ठिकाणाहून रस्ता देणे उचित होणार नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

पुढे गोडाऊनच्या भिंतीसाठी पाया खणताना बांधाची माती खचली आणि दगडाची पुरलेली बाजू उघडी पडली. तिच्यावर काळ्या रंगात ‘धुळे १४’ असं लिहिलेलं आहे. कुसुंबखेड्याहून धुळे बावीस किलोमीटर आहे.